अर्ध्या डोक्याचा इतिहास

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरात सगळीकडे पणत्या लागत. माजघराला लागून असलेली धान्याची खोली तेवढी अंधारी राही. तिथे ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला आई निजलेली असे. डोक्याला तिने जुन्या पातळाची पट्टी इतकी करकचून बांधलेली असे की दुसऱ्या दिवसापर्यंत कपाळावर वळ राहावा. त्याखाली सुंठेचा वाळून भेगाळलेला लेप. बाहेर आम्ही पोरे लवंगी माळा उडवीत असू आणि प्रत्येक माळेगणिक आत ती उशीत तोंड खुपसत असे. पाहुण्यांनी विचारले, "वहिनी कुठं दिसत नाहीत?" की वडील ओशाळे हसत, आणि मी मोठ्या माणसाचा आव आणून सांगे, "तिचं नेहमीचंच आहे. सण आला की तिचं डोकं उठतं."

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. आज पंचेचाळिशीला आलेला मास्तर आहे. शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहितो, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा धंदा करतो. आणि घरातल्या त्या एका अंधाऱ्या खोलीत शिरायला मला तीस वर्षे लागली. आईला जे होत होते त्याला अर्धशिशी म्हणतात, एवढे आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्याला इतिहास आहे हे मात्र ठाऊक नव्हते. तोच इतिहास वाचकांना सांगावा म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे. यात सुश्रुत आहेत, एक चिनी सेनापती आहे, आमच्या शेजारच्या सोलापूरचा एक तरुण डॉक्टर आहे, आणि केसाएवढी बारीक एक सुई आहे.

सुरुवात मात्र आजीपासून केली पाहिजे. आजीच्या दोन्ही कानशिलांवर पैशाएवढे दोन गुळगुळीत डाग होते. लहानपणी आम्हाला ते दागिन्यासारखे वाटत. निजामाच्या अमदानीत, ती नवी नवरी असताना, तिचे डोके असेच ठणकू लागले. गावात वैदू आले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने लोखंडी सळई चुलीत लाल केली आणि दोघांनी धरून ठेवलेल्या त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला डाग दिला. "मग राहिलं का डोकं?" असे मी एकदा विचारले. आजी म्हणाली, "राहिलं कशाचं! पण पुन्यांदा कुनाला सांगितलं न्हाई." आईचे कण्हणे ऐकले की ती म्हणे, "मला तर डागलं होतं. हिला नुसती सुंठ लागती, तरी कण्हती." यात दुष्टपणा नव्हता. जिला कोणी विचारले नाही तिने दुसरीला काय विचारावे?

हा डाग वैदूने आपल्या मनाने शोधून काढलेला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचा अध्याय आहे. डोक्याच्या रोगांत भुवई, कपाळ आणि कानशील या ठिकाणी डाग द्यावा असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. चरकसंहितेतही अर्धावभेदकावरच्या उपायांत दहन येते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली सळई हातोहात, पिढ्यान्पिढ्या उतरत आमच्या आजीच्या कानशिलापर्यंत येऊन पोहोचली होती. ग्रंथातले बाकीचे तारतम्य तेवढे वाटेत कुठे तरी सांडले.

आणि तारतम्य होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांतल्या अर्धावभेदकाचे वर्णन वाचताना मी थक्क झालो. अर्धे डोके फुटल्यासारखे होते, टोचते, चक्कर येते; आणि हे सारे दर पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अवचित उठते. ज्याने हे लिहिले त्याने एखाद्या रोग्याजवळ बसून त्याला दिवस मोजायला लावले असले पाहिजेत. आमच्या घरात आईचे दिवस कोणीही मोजले नव्हते.

नावाची मौज पाहण्यासारखी आहे. संस्कृतात अर्धावभेदक, शीर्षाच्या अर्ध्याचे दुखणे म्हणून आपली मराठी अर्धशिशी. ग्रीक वैद्यांनी याला 'हेमिक्रेनिया' म्हटले, म्हणजे अर्धी कवटी, आणि तोच शब्द झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. अरबी वैद्य 'शकीका' म्हणत. त्याचाही अर्थ दुभंगलेला अर्धा भाग. चिनी भाषेतल्या नावाचा अर्थ एका बाजूची डोकेदुखी. एकमेकांची तोंडेही न पाहिलेल्या लोकांनी एका दुखण्याला जवळजवळ एकच नाव द्यावे, याचा अर्थ एवढाच की रोगी सगळीकडे सारखेच सांगत होते, आणि नाव ठेवण्यापुरते तरी कोणी तरी ऐकत होते.

उपायांत मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे नाकात औषध सोडणे, शीर तोडून रक्त काढणे, जळवा लावणे, डाग देणे. मुसलमानी जगात अबुल कासिम अल्-जहरावी हा दहाव्या शतकातला कॉर्डोव्ह्याचा मोठा शल्यवैद्य. त्याने डाग तर सांगितलाच, शिवाय कानशिलाच्या कातडीला छेद देऊन आत लसणाची पाकळी ठेवण्याचाही उपाय लिहून ठेवला. यूनानी वैद्यक आमच्या भागाला परके नव्हते. धाराशिवला उस्मानाबाद हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या सातव्या निजामांच्या, मीर उस्मान अली खानांच्या, राज्यात यूनानी हकिमांना सरकारचा आश्रय होता. हकीम तुंबडी लावीत, वैदूही लावीत. आणि ज्यांना हकीम, वैद्य, वैदू कोणीच परवडत नसे त्यांच्यासाठी दोन उपाय होते: सूर्य उगवण्यापूर्वी दुधाबरोबर गरम जिलेबी खायची, नाही तर कोणाकडून तरी मंत्रून अर्धशिशी उतरवून घ्यायची. जिलेबीचा उपाय आम्हा मुलांना फार शास्त्रीय वाटे.

आता चीनकडे वळतो. कारण या साऱ्या हत्यारांत सर्वांत बारीक हत्यार तिथले. चिनी वैद्यकाचा पीतसम्राटाच्या नावाने चालणारा जुना ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. शरीरात प्राणशक्तीचे ओघ वाहतात, ते अडले की दुखणे होते, आणि ठरावीक जागी सुई टोचली की ओघ मोकळा होतो, अशी त्याची उपपत्ती. शास्त्राने पुढे ३६१ जागा निश्चित केल्या. त्यांतली एक वाट डोळ्याच्या कोपऱ्यापाशी निघते, कानशिलावरून, कानामागून मानेत उतरते आणि थेट पायाच्या चौथ्या बोटापर्यंत जाते. म्हणून अर्धशिशीला मानेच्या खळगीत, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, तसेच पावलावरही सुया लावतात. डोके दुखते आणि सुई पायाला, हे पाहून आमच्याकडची माणसे हसतात. पण उचकी लागली तर पाठीत धपाटा घालणारी माणसेही आपणच!

या सुईचा डोकेदुखीशी आलेला सर्वांत गाजलेला संबंध तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावरचा आहे. हान घराणे मोडकळीला आले होते आणि उत्तर चीनची सत्ता त्साओ त्साओ नावाच्या सेनापतीच्या हाती होती. या पोलादी माणसाचे डोके दुखे. दुखू लागले की बुद्धी गोंधळे, डोळ्यांपुढे अंधारी येई. ते दुखणे आजच्या अर्थाने अर्धशिशीच होते, असे इतक्या लांबून छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण ते वरचेवर उठे आणि भल्या माणसाला आडवे करी, एवढे खरे. त्याच्याच गावचा हुआ थुओ हा वैद्य सुई टोचे आणि दुखणे तिथल्या तिथे थांबे. साहजिकच त्साओ त्साओने त्याला कायमचे आपल्याजवळ ठेवून घेतले. हुआ थुओला घरची ओढ लागली. तो रजा घेऊन गेला आणि बायको आजारी आहे असे कळवून रजा वाढवीत राहिला. तेव्हा सेनापतीने माणसे पाठवली. हुकूम असा होता: बायको खरोखर आजारी असेल तर धान्य द्या आणि रजा वाढवा, ढोंग असेल तर बांधून आणा. ढोंगच निघाले. मुत्सद्द्यांनी रदबदली केली, तरी हुआ थुओला देहान्त शासन झाले. मरण्यापूर्वी त्याने आपली पोथी तुरुंगाच्या पहारेकऱ्याला देऊ केली. पहारेकरी कायद्याला भ्याला. हुआ थुओने विस्तव मागितला आणि पोथी जाळून टाकली.

त्साओ त्साओचे डोके दुखतच राहिले. हा वैद्य माझा रोग मुळापासून तोडणारच नव्हता, स्वतःचे महत्त्व राहावे म्हणून त्याने तो राखून ठेवला होता, असे तो म्हणत असे. पुढे इसवी सन २०८ मध्ये त्याचा अत्यंत लाडका, बुद्धिमान मुलगा कोवळ्या वयात आजारी पडून गेला, तेव्हा मात्र हुआ थुओला मारल्याचा पश्चात्ताप त्याने बोलून दाखवला. ही हकीकत त्याच शतकात लिहिलेल्या तीन राज्यांच्या बखरीत आहे. शाळेत मुलांना ही गोष्ट सांगताना मी नेहमी एका जागी अडखळतो. ज्याचे स्वतःचे दुखणे कोणाला दिसत नव्हते, त्याच माणसाने दुसऱ्याचे दुखणे खरे की खोटे हे पाहायला शिपाई पाठवावेत!

दुसरी गोष्ट थांग घराण्यातली, इसवी सन ६८३ ची. सम्राट काओत्सुंग डोकेदुखीने बेजार होता आणि त्याची दृष्टी गेल्यासारखी झाली होती. राजवैद्य म्हणाला, डोक्याला सुई टोचून थोडे रक्त काढले तर बरे वाटेल. पडद्याआडून सम्राज्ञी वू कडाडली की, सम्राटाच्या मस्तकातून रक्त काढू म्हणणाऱ्याचेच मस्तक उडवले पाहिजे. वैद्याने जमिनीला कपाळ लावले. सम्राट म्हणाला, टोचू द्या, कदाचित बरे वाटेल. टोचल्यावर तो म्हणाला, मला दिसू लागले. सम्राज्ञीने स्वतः रेशमाचे तागे आणून वैद्याला दिले. सम्राट त्याच वर्षाअखेर वारला, हेही सांगितले पाहिजे. सुईच्या गोष्टी सांगणारे हे शेवटचे वाक्य बहुधा गाळतात.

बरोबर एक हजार वर्षांनी, १६८३ साली, डच ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर विलेम टेन राइने याने लंडनमध्ये लॅटिन पुस्तक छापले. तो जपानमध्ये राहून आला होता आणि तिथे त्याने हे सुईचे उपचार पाहिले होते. लॅटिनमध्ये 'आकुस' म्हणजे सुई; त्यावरून त्याने अॅक्युपंक्चर हा शब्द युरोपला दिला. गंमत अशी की युरोप सुईचे नाव शिकत असताना चीनमध्ये तिचे दिवस फिरत होते. १८२२ साली बादशहाने राजवैद्यकशाळेतून सुईची शाखा काढून टाकली. त्यानंतर ती उरली खेड्यापाड्यांत, फिरत्या वैद्यांच्या झोळीत, आपल्याकडच्या वैदूच्या सळईसारखी.

इथे आपल्याकडच्या एका समजुतीचा निकाल लावला पाहिजे. सुईची विद्या मूळ आपलीच, सुश्रुतांची १०७ मर्मे हीच ती चिनी स्थाने, असे व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकायला मिळते. ऐकायला गोड आहे. पण सुश्रुतांनी मर्मे सांगितली ती मुख्यतः शल्यवैद्याने तिथे शस्त्र लागू नये म्हणून. कानशिलावरचे शंख मर्म तर विंधले असता तत्काळ प्राण हरणारे म्हणून गणले आहे. जिथे टोचायचे ती जागा आणि जिथे चुकूनही टोचायचे नाही ती जागा, या दोन एक कशा करायच्या? सुश्रुतांचे मोठेपण दुसऱ्याच्या विद्येवर हक्क सांगून वाढत नाही.

मग ही सुई आपल्याकडे आली कशी? त्यासाठी धाराशिवहून तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरला जावे लागते. आज हा रस्ता दीड-दोन तासांचा आहे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होईपर्यंत मात्र तो दोन राज्यांतून जात असे. इकडे निजामाचे उस्मानाबाद, तिकडे इंग्रजांचे सोलापूर, आणि मध्ये करोडगिरीचे नाके. गिरण्या तिकडे, आगगाडी तिकडे, मोठे डॉक्टर तिकडे. आमच्या जिल्ह्याचे दुखणे परंपरेने सोलापूरलाच जाते.

त्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर स्वारी केली होती. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले, आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि कलकत्त्याचे मुखर्जी आणि बसू. पाचांत दोन मराठी, हे आपण विसरू नये. चिनी लोकांनी या पाहुण्यांना आपल्या भाषेतली नावे दिली आणि प्रत्येकाच्या नावापुढे 'हुआ' जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'को ति-हुआ'.

पुढली कथा घरोघरी ठाऊक आहे. १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले, आघाडीवर गेले, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या स्मरणार्थ चालवलेल्या रुग्णालयाचे १९४१ मध्ये प्रमुख झाले. क्वो चिंग-लान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले 'यिन-हुआ', भारत आणि चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि नायकाचे काम स्वतःच केले. सोलापूरला आज त्यांचे स्मारक आहे.

आमच्या भागात मात्र या कथेला एक शेपूट फुटले आहे. कोटणीस चीनमध्ये सुईची विद्या शिकले आणि त्यांनीच ती भारतात पाठवली, असे लोक भक्तिभावाने सांगतात. देशात कोटणिसांच्या नावाने सुईच्या उपचाराचे दवाखाने निघाले आहेत, त्यामुळे समज पक्का होतो. मीही वर्गात तसेच सांगत असे. खरे पाहता कोटणीस शल्यविशारद होते. गोळ्या काढणे, मोडलेली हाडे बसवणे, रात्र-रात्र उभे राहून शस्त्रक्रिया करणे, हे त्यांचे काम होते. येनानच्या बेथून रुग्णालयात सुईचा विभाग उघडला तो १९४५ मध्ये. औषधांचा तुटवडा होता. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले तरुण डॉक्टर जुन्या वैद्यांकडून सुई शिकू लागले. कोटणिसांना जाऊन तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती.

सुई आणली ती त्यांच्या सोबत्याने, विजयकुमार बसूंनी. बसू १९४३ मध्ये परत आले. पुढे १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, सुईचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात तिचा उपचार सुरू केला. तीनच वर्षांत, १९६२ मध्ये, हिमालयात तोफा वाजू लागल्या. चीन हा शब्द उच्चारणे अवघड झाले त्या काळात एक बंगाली डॉक्टर चिनी सुईने दुखणी बरी करू पाहत होता, याची कल्पना करा. १९७१ मध्ये जेम्स रेस्टन हा अमेरिकन वार्ताहर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात पडला; नंतरच्या पोटदुखीला त्याला सुया लावल्या; त्याने ते वर्तमानपत्रात लिहिले आणि पश्चिमेला सुईचे वेड लागले. आपल्याकडे बसूंनी त्या दशकात कोटणिसांच्या नावाची स्मारक समिती पुन्हा उभी केली आणि तिच्यामार्फत सुई गावोगावी नेली. गेलेल्या मित्राच्या नावाने त्यांनी ती चालवली. स्वतःचे नाव मागे ठेवले. म्हणून कोटणिसांचे नाव सुईला चिकटले. लोकांची समजूत चुकीची आहे, पण चूक मोठ्या सुंदर कारणाने झालेली आहे. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या उपचाराला कायद्याने मान्यता दिली, महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा, आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून तिला ओळख दिली.

एवढा इतिहास वाचून झाल्यावर मी आईला म्हणालो, "सोलापूरला जाऊ. सुया लावून पाहू."

आई म्हणाली, "तुझ्या आजीला सळई झाली, आता मला सुई. पुढच्या पिढीला काय टाचणी का?"

तरी आली. सोलापुरातल्या त्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सुईच काढली नाही. वही काढली. कोणत्या बाजूने दुखते? आधी डोळ्यांपुढे काही चमकते का? उजेड सोसत नाही की आवाज? फोडणीच्या वासाने मळमळते का? पाळीच्या दिवसांत जास्त होत असे का? उपास कोणते करता? आई सुरुवातीला एका शब्दात उत्तरे देत होती. मग बोलू लागली. मंगळवार, शुक्रवार आईसाहेबांचे उपास. सणाला पहाटेपासून चुलीपुढे, नैवेद्य होईपर्यंत पोटात पाणीसुद्धा नाही. मग डाव्या डोळ्यामागे कोणी तरी उखळात कुटू लागते. ती अर्धा-पाऊण तास बोलत होती. मी शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याच आईची हकीकत परक्या घरातल्यासारखी ऐकत होतो. सण आला की तिचे डोके का उठते, याचे उत्तर त्या वहीत सरळ लिहिले जात होते. विचारले मात्र कोणीच नव्हते.

दहा वेळा जाऊन आलो. सुया केसासारख्या बारीक, दर वेळी नव्या कोऱ्या, पाकिटातून काढलेल्या. मानेत दोन, कानशिलावर, हातांच्या बेचक्यांत, पावलांवर. वीस-पंचवीस मिनिटे ती डोळे मिटून पडून राही. मास्तरांच्या सवयीने मी दुखण्याच्या दिवसांचे हजेरीपत्रक ठेवले. आधी महिन्याला सात-आठ दिवस पडत. उन्हाळा संपेपर्यंत चारवर आले. दरम्यान बाईंच्या सांगण्यावरून तिने कडक उपास सोडले होते आणि वेळेवर खाऊ लागली होती. तेव्हा श्रेय सुईला किती आणि सकाळच्या भाकरीला किती, हे माझे हजेरीपत्रक सांगू शकत नाही.

ज्यांनी शास्त्रशुद्ध हजेरीपत्रके ठेवली त्यांचे ऐकावे. २००५ मध्ये जर्मनीत ३०२ रोग्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना खरी सुई, काहींना ठरावीक जागा सोडून भलतीकडे वरवर लावलेली खोटी सुई, आणि काहींना नुसते थांबवून ठेवले. दुखण्याचे दिवस निम्म्याने कमी झाले असे रोगी खऱ्या सुईच्या गटात शंभरात ५१, खोट्या सुईच्या गटात ५३, आणि थांबवून ठेवलेल्यांत फक्त १५. पुढे २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने असे २२ प्रयोग, जवळजवळ पाच हजार रोग्यांचे, एकत्र तपासले. त्यांचा हिशेब साधारण असा: महिन्याला सहा दिवस दुखणाऱ्या माणसाचे नेहमीच्या उपचाराने पाच दिवस होतात, खोट्या सुईने किंवा रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाने चार, आणि खऱ्या सुईने साडेतीन.

चार आणि साडेतीन! सुईचा अभिमानी म्हणेल, पाहा, खरी सुई सरस ठरली. निंदक म्हणेल, अर्ध्या दिवसासाठी एवढा खटाटोप? माझ्या मनात मात्र तो चारचा आकडा घर करून बसला आहे. भलत्याच जागी सुई लावली तरी माणसाला दोन दिवस परत मिळतात. टोचल्याने शरीर आपली स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते असे शास्त्रज्ञ सांगतात, त्यात काही भाग तो असेल. उरलेला भाग मी सोलापूरच्या खोलीत पाहिला. कोणी तरी दार लावून घेतले, दिवा मंद केला, आणि तुझे दुखणे खरे आहे असे धरून चालून तासभर जवळ बसले.

दोन गोष्टी शाळामास्तर म्हणून सांगतो. सुई म्हणजे नैसर्गिक उपचार, सबब निर्धोक, असा जप चालतो. पोलादाची सुई कातडीत खुपसण्यात नैसर्गिक ते काय? ते एक कसब आहे आणि ते शिकलेल्या हातांनी, निर्जंतुक सुईनेच व्हायला हवे. दुसरे असे की, आयुष्यात कधी नव्हे असे डोके एकाएकी वीज पडल्यासारखे दुखले, सोबत ताप आला, जीभ जड झाली, हात-पाय लुळा पडला, तर सुई नको, सुंठ नको, जिलेबी तर मुळीच नको; तडक इस्पितळ गाठावे. चालू असलेल्या गोळ्याही कोणाच्या सांगोवांगी बंद करू नयेत.

अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे तिप्पट होते. मेंदू आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंचे ते खरेखुरे दुखणे आहे, हे आता निर्विवाद ठरले आहे. नखऱ्याचा रोग म्हणून आपण शेकडो वर्षे ज्याची टर उडवली त्याचे कारण कदाचित या तिपटीत सापडेल. त्साओ त्साओचे डोके दुखले तर बखरीत लिहिले गेले. आमच्या आजीचे दुखले ते तिच्या कानशिलावर लिहिले गेले, आणि तेही कोणी वाचले नाही.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आईने पहाटे चहा-भाकरी खाल्ली आणि मग पुरणाला बसली. संध्याकाळी तरी डावा डोळा ठणकू लागलाच. सुईने दिवस कमी केले आहेत, नाहीसे केलेले नाहीत. तिने नेहमीप्रमाणे कोणाला काही न सांगता पातळाची पट्टी काढली. माझ्या धाकट्या मुलीने ते पाहिले. ती अंगणात गेली आणि फटाक्यांची पिशवी उचलून शेजारच्या पोरांना घेऊन पार मारुतीच्या देवळापलीकडे गेली. जाताना तिला एका पाहुण्याने विचारले, "काय गं, आजी कुठाय?"

"आजीचं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

वाक्य जवळजवळ माझेच होते. मी ओसरीवरचा मोठा दिवा मालवला आणि एक पणती घेऊन आत गेलो. दारातच ती विझवली, आणि अंधारात पोत्यांना पाठ टेकून आईजवळ बसून राहिलो.